गोल्फ क्लबवर गोल्फ का खेळत नाहीत

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवण अर्धं टाकून गेलास. डब्यात भरलेल्या सांज्याच्या पोळ्या इथेच राहिल्या, दोन मी खाल्ल्या, बाकीच्या कामाच्या ताईंना दिल्या. पोचल्याचा मेसेज पण बाबांना केलास, मला नाही. ते म्हणाले, पोचला. एवढंच. हल्ली ते पेपरच्या आडूनच बोलतात.

मी त्या विषयावर काही लिहिणार नाहीये, आधीच सांगते. तुम्ही मोठे झालात, तुमचं तुम्ही बघा. फक्त जाताना दारात बूट घालताना तू म्हणालास ना, "आई, लोक सगळं विसरतात, त्या गोल्फवाल्या टायगर वुड्सचं बघ, दहा वर्षांनी त्याच लोकांनी डोक्यावर घेतलं," ते काही केल्या जात नाहीये डोक्यातून. ऋचाला फोन केलास का?

तुला आठवतं का बघ, तू नऊ-दहा वर्षांचा असशील, सावरकर तलावावरून पोहून आलं की आपण नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर चक्कर मारायचो आणि तू रोज तेच विचारायचास, इथे गोल्फ का खेळत नाहीत? मी म्हणायचे इंग्रज खेळायचे म्हणे, आता आपण चालायला येतो. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान लिहिलंय, पण रिक्षावाल्याला अजूनही गोल्फ क्लबच सांगावं लागतं. मग तू बाबांच्या जुन्या छत्रीचा दांडा काढून त्याची काठी केलीस आणि एकलहऱ्याच्या कॉलनीत कुलकर्ण्यांची खिडकी फोडलीस. मी चांगली ओरडले, पण रात्री बाबांना सांगताना हसू आवरेना. पोराला काय वेड लागेल सांगता येत नाही, सगळी पोरं सचिनची पोस्टरं लावायची आणि आमच्याकडे हा लाल शर्टवाला टायगर.

आणि ते पोस्टर काढलं कोणी? तूच काढलंस. २००९ चा डिसेंबर, तू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतास, सुट्टीत आलास आणि टेबलावर चढून ओढून काढलंस. मीच म्हणत होते, राहू दे रे, त्याचा खेळ तर चांगला आहे ना, आणि भिंतीचा पोपडा झाकलाय त्याने. तू म्हणालास, असल्या माणसाचा फोटो घरात नको. एवढा रागावला होतास जसं काही त्याने तुलाच फसवलं होतं. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता, बोलले नाही कधी. म्हणून परवा तुझ्या तोंडून त्याचं नाव त्या कामासाठी ऐकलं आणि हातातली वाटी तशीच राहिली.

सोमवारी सायली आली होती, तिला म्हटलं लाव गं तो त्याचा माफीचा व्हिडिओ यूट्यूबवर. सगळा पाहिला. १९ फेब्रुवारी २०१०, फ्लोरिडात, मागे निळे पडदे, हा कागद घेऊन उभा. गाडी ठोकली होती ती त्याआधी २७ नोव्हेंबरला, रात्री अडीचच्या सुमाराला, घरासमोरच, आधी आग विझवायच्या पाण्याचा नळ आणि मग झाड. त्यानंतर बायकोला फसवून केलेली त्याची लफडी सगळी बाहेर आली. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर बोलला असेल, पत्रकारांना प्रश्न विचारायची परवानगी नव्हती. सायली म्हणाली हे सगळं इमेजसाठी असतं मावशी. असेलही. जाहिराती जात होत्याच की, तुमच्या आयटीतलीच ती ॲक्सेंचर, तिने डिसेंबरातच सोडलं, मग एटी अँड टीने. नायके राहिली, आणि तिने काय केलं तर २००६ मध्ये वारलेल्या त्याच्या वडिलांचा आवाज लावून जाहिरात काढली, बाप वरून विचारतोय काय शिकलास म्हणून. गेलेल्या माणसाचा आवाज लावून बूट विकायचे, मला नाही बाई आवडलं.

पण मी त्याच्याकडे बघतच नव्हते, खरं सांगू का. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. थायलंडची, कुल्टिडा नाव. तो शेवटच्या दिवशी लाल शर्ट घालायचा ना, तो तिच्याच सांगण्यावरून. तिच्या पोराने सगळ्या जगासमोर सांगितलं की तिने लहानपणापासून शिकवलेला बुद्धाचा धर्म तो विसरला, आणि ती ते ऐकत बसली. नंतर त्याने तिला मिठी मारली. बायको नव्हती तिथे. मी दोनदा थांबवून बघितलं, नव्हती.

दोन रात्री मला हेच दिसतंय, त्या बाईची खुर्ची. मी बसले असते का रे तिथे? बसले असते. तुला माहितीये बसले असते.

त्या भाषणात तो म्हणाला की आयुष्यभर एवढी मेहनत केली, आता हे सगळं आपल्या हक्काचंच आहे असं वाटलं. मंदार, रविवारी तू काय म्हणालास आठव, मी बारा-बारा तास राबतो, मला माझं आयुष्य नको का. हेच ना? राबतोस हे दिसतं मला, कोण नाही म्हणतंय, पण राबणं म्हणजे उधारीचं खातं आहे का की इतके तास भरले की बाहेरून काहीही उचलून आणावं? आणि ऋचा राबत नाही का, पिहूचं आजारपण कोणी काढलं, तुझ्या त्या सिंगापूरच्या सहा महिन्यांत बाबांचा मोतीबिंदू कोणी केला, ड्रॉप तीन-तीन वेळा कोण घालायचं? तेव्हा कुठे होतं तुझं

जाऊ दे. चुकलं. लेक्चर देणार नाही म्हटलं होतं. पुसायला गेले तर वरचं पण सगळं जाईल अशी भीती वाटते, या मोबाईलचा काही भरवसा नाही, म्हणून राहू देते. रागावू नकोस.

तू म्हणतोस लोकांनी डोक्यावर घेतलं. घेतलंच. एप्रिल २०१९, पाचव्यांदा मास्टर्स जिंकल्याचा तो हिरवा कोट, पंधरावी मोठी स्पर्धा, तेही पाठीची चार ऑपरेशनं होऊन, मधे तर तो जगात ११९९ व्या नंबरावर गेला होता असं सायलीने वाचून दाखवलं. पोराला धरलं त्याने मिठीत, मलापण रडू आलं, कशाला खोटं बोलू. आई तिथेही होती, म्हातारी झालेली. पण लोकांनी माफ केलं ते जिंकला म्हणून, हरत राहिला असता तर कोणी विचारलं असतं का. आणि घर तर २०१० च्या ऑगस्टमध्येच मोडलं होतं. गाडी ठोकली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची आणि तो मुलगा नऊ महिन्यांचा. आपली पिहू चार वर्षांची आहे. त्याच्या बायकोने, त्या एलिनने, नंतर कॉलेज पुरं केलं, मानसशास्त्र, २०१४ मध्ये, पदवीदानाला भाषण केलं म्हणे. तिची पोस्टरं कोणी लावली नाहीत.

तिनेच त्याला सांगितलं होतं, ते त्याने स्वतः त्या भाषणात सांगितलं, की माझी खरी माफी शब्दांत मागून होणार नाही, पुढे कसा वागतोस त्यात होईल. म्हणून विचारते, नगरला ऋचाच्या माहेरी फोन केलास का? तिच्या आईने उचलला तरी ठेवू नकोस. मी केला होता परवा, ऋचा नीट बोलली, आई म्हणूनच बोलली, पिहूला दिलं फोनवर. तुझ्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

बाबा भुसावळजवळ दीपनगरला होते ती दोन वर्षं तुला फारशी आठवत नसतील. बरंच आहे. विनूमामा तेव्हा आपल्याकडे राहायला का आला होता ते कधीतरी त्यालाच विचार, मी सांगणार नाही. एवढंच सांगते की कॉलनीतले लोक सहा महिन्यांत विसरले होते. लोकांचं मला कधीच काही वाटलं नाही. आणि बाबा त्यानंतर कधी बोलले नाहीत त्यावर, पण निवृत्त होईपर्यंत रोज पावणेसहाला घरी यायचे, भुसावळहून बदली घेऊन आल्यापासून एक दिवस चुकला नाही. तुला वाटायचं बाबा किती बोअर आहेत.

हे मी का लिहिलं मला माहीत नाही. त्यांना सांगू नकोस.

आता काय काय राहिलं. थंडी बरीच आहे इकडे, निफाडला तर विचारू नकोस, शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात बागेत. तुझं निळं स्वेटर इथे आहे. पोस्टर माळ्यावर होतं, काल उतरवलं, गुंडाळी उलगडली तर एका कोपऱ्याला वाळवी लागलीये पण चेहरा शाबूत आहे. टाकलं नाही, परत ठेवलं.

शनिवारी येणार असशील तर नगरवरून तिघं मिळून या असं लिहिणार होते. पण ये. एकटा आलास तरी ये. उशीर झाला तर बेल वाजवू नकोस, बाबांची झोप मोडते, गेटला नवीन कुलूप लावलंय आणि किल्ली आता कुंडीखाली नसते, मीटरच्या पेटीत वरच्या बाजूला ठेवलीये.

तुझी
आई