पुस्तक कोणी तपासले, तेही पुस्तकात छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची यादी येते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पाने, किंमत, कधी मुखपृष्ठ करणाऱ्याचेही नाव. त्या यादीत आणखी एक नाव छापावे अशी माझी विनंती आहे, पुस्तकाच्या संपादकाचे. कारण जरा सविस्तर लिहिते.

मोर्शी तालुक्यात माझे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, ग्रामपंचायतीची पत्रे आणि दरवर्षी काही पुस्तकांची हस्तलिखिते. शेतकरी येतात, अंगणवाडी सेविका येतात, निवृत्त ग्रामसेवक येतात, भजनी मंडळातले म्हातारे येतात. दोनशे पानी वह्या, फुलस्केपचे गठ्ठे, कृषी केंद्राने वाटलेल्या डायरीत मागूनपुढून लिहिलेले अख्खे आयुष्य. आमच्याकडची माणसे लिहायला लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पण टायपिंग झाले म्हणजे पुस्तक झाले, आता फक्त छापायचे राहिले, असे बहुतेकांना वाटते. पैसे घेऊन पुस्तके काढून देणारे काही प्रकाशक त्यांचा हा समज तसाच राहू देतात, कारण तो त्यांच्या सोयीचा आहे.

एका संत्रा बागायतदार काकांचे उदाहरण सांगते. त्यांनी बागेवर आणि घरावर मिळून एक सुंदर हस्तलिखित लिहिले. कोळशी रोगाने बागा काळ्या पडल्या ते दिवस, डिंक्याने गेलेली झाडे, व्यापाऱ्याशी झाडावरच्या फळांचा झालेला सौदा, सगळे अनुभवाचे. शहरातल्या एका प्रकाशकाने त्यांच्याकडून पैसे घेतले. पावतीवर ‘संपादनासह’ असे लिहिले होते. छापून आले ते मी टाइप केलेलेच होते. फक्त जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे मोडली आणि ‘शेतकऱ्यांनी’चे सगळीकडे ‘शेतकर्यांनी’ झाले. शेतकऱ्याच्या पुस्तकात हा शब्द पानोपानी येतो. मूळ वहीत दुसऱ्या प्रकरणात विहीर १९७२च्या दुष्काळात खोदली होती आणि नवव्या प्रकरणात तीच विहीर आणीबाणीच्या आदल्या साली. काकांना कोणी एका फोनवर विचारले असते, तर त्यांनी लगेच सांगितले असते. कर्जाची हकीकत वहीत तीन ठिकाणी तुटक आली होती, आठवेल तशी. ती एकत्र आणली असती तर वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला असता. छापील पुस्तकातही ती तीन ठिकाणीच राहिली.

एक दुरुस्ती मात्र कोणीतरी केली होती. काकांनी लिहिले होते, ‘मेच्या अखेरीस ताण तोडला.’ त्याचे ‘तण तोडले’ झाले. संत्र्याच्या बागेचे पाणी काही आठवडे बंद ठेवतात, झाडाला विश्रांती देतात, त्याला ताण देणे म्हणतात. पुन्हा पाणी सुरू केले की ताण तोडला. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहारासाठी हे उन्हाळ्यात करतात, हिवाळा सरताना फुलणाऱ्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात. सगळा बहार यावर अवलंबून असतो. नव्याने बाग लावलेल्या मुलाने हे पुस्तक वाचून काय समजावे? ज्याने तो शब्द बदलला त्याला ताण माहीत नसेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने लेखकाला विचारले नाही, ही माझी तक्रार आहे.

खरे संपादन कसे होते तेही मी जवळून पाहिले आहे. आमच्या भागातल्या एका ताईंचे आठवणींचे पुस्तक एका लहान प्रकाशकाने स्वीकारले. तिथल्या संपादक बाईंनी आधी पूर्ण हस्तलिखित वाचले, हातात पेन न घेता. मग पानभर प्रश्न पाठवले. आत्याच्या लग्नाचे साल आणि तिच्या मुलाचे वय जुळत नाही, कोणते बरोबर? आजी जात्यावर गायची असे लिहिले आहे, तिच्या दोन-चार ओव्या आठवतात का? तिसरे आणि सातवे प्रकरण एकाच प्रसंगाचे आहे, एकत्र करायचे का? आजी एका पानावर ‘मले’ म्हणते आणि दुसऱ्या पानावर ‘मला’, तिच्या तोंडी खरे काय होते? ताई त्या प्रश्नांचा कागद घेऊन माझ्या दुकानात बसल्या आणि तिथेच त्यांना ओव्या आठवू लागल्या. हस्तलिखितात नव्हते ते त्या प्रश्नांनी बाहेर आले.

वऱ्हाडी शब्दांची तर त्या बाईंनी वेगळी यादीच केली. काऊन की काहून, रायली की राह्यली, माह्या की माया. प्रत्येक शब्दाचे एक रूप ताईंच्या तोंडून ऐकून ठरवले आणि शेवटपर्यंत तेच ठेवले. निवेदन छापील मराठीत, माणसे बोलतात ती वऱ्हाडीत. शुद्धलेखनाचे नियम दाखवून आमची बोली खोडणाऱ्यांना मला सांगावेसे वाटते, की साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे जे १८ नियम आहेत, त्यांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी असे म्हटले आहे. नियमांचा आमच्या आजीशी काही झगडा नाही.

पहिले प्रकरण काढून टाकावे असे संपादक बाईंचे मत होते. ताईंना ते पटले नाही. प्रकरण राहिले. असेच असायला हवे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधले कलम ५७ लेखकाला हा आधार देते : आपल्या लेखनाची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला धक्का लावला गेला तर लेखक हरकत घेऊ शकतो. हे आमच्या लेखकांना कोणी सांगत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, हेही कोणी सांगत नाही. त्या क्रमांकाचे पैसे लावलेली बिले मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहेत.

मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ तपासणे, हे संपादनानंतरचे काम. संपादकाने हात फिरवल्यावर, पाने लागल्यावर, एकाने मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफ बघायचे. निदान दोनदा, आणि शेवटची नजर लेखकाची. सोळा पानांचा फर्मा छापून झाला की मग काही उपाय नसतो, शुद्धिपत्र चिकटवावे लागते. इथे मात्र संपादन आणि प्रूफ यांना एकच समजून दोन्ही कामे संगणकाच्या लाल रेघेवर सोडलेली दिसतात. विहिरीचे साल दोन ठिकाणी वेगळे आहे, हे लाल रेघ सांगत नाही.

मराठीत ही कामे मनापासून करणारी माणसे होऊन गेली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’मधून लेखकांबरोबर जे कष्ट घेतले ते सर्वांना ठाऊक आहे. पण मी महानुभाव पंथाचे तीर्थस्थान असलेल्या रिद्धपूरच्या तालुक्यात राहते, म्हणून मला त्याहून जुने नाव आठवते. तेराव्या शतकात या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, म्हाइंभटांनी जमवल्या त्या नुसत्या ऐकून उतरवून घेतल्या नाहीत. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारले, ज्यांनी प्रसंग पाहिला होता त्यांना गाठले, पडताळले आणि मग लिहिले. पुढे ती मूळ प्रत हरवली, तेव्हा महानुभावांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेद नोंदवून ठेवले. आपल्याच वऱ्हाडच्या वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून ‘लीळाचरित्र’ संपादित केले. ते १९७८ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापले. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तिथे हस्तलिखित कसे तपासावे, लेखकाला कसे विचारावे, बोलीतला मजकूर कसा सांभाळावा याचा अभ्यासक्रम निघाला तर आमच्या पोरापोरींना गावाजवळच एक चांगले काम मिळेल. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीत झाली. संघाने तालुक्याच्या गावी लेखकांसाठी अशी शिबिरे घ्यावीत, अशी माझी त्यांनाही विनंती आहे.

आमच्या लेखकांना माझे सांगणे असे. पैसे देण्याआधी विचारा, हस्तलिखित कोण वाचणार, त्यांचे नाव काय, प्रूफ किती वेळा दाखवणार? उत्तर कागदावर घ्या. दादा, बापू म्हणून गोड बोलणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, आधी तिथे हस्तलिखित पाठवून पाहा. घरचे दागिने मोडून पुस्तक काढण्याची घाई करू नका.

आणि प्रकाशकांना एवढेच, की श्रेयपानावर अक्षरजुळणी म्हणून माझ्या दुकानाचे नाव तुम्ही छापता, मुद्रकाचे छापता, मुखपृष्ठकाराचे छापता. त्याच्या खाली संपादन आणि मुद्रितशोधन अशा दोन ओळी वाढवा. ज्याचे नाव छापले जाणार आहे तो ‘ताण’चे ‘तण’ करण्याआधी एक फोन करील.

संपादक महोदय, सुरुवात आपण करू शकता. पुरवणीच्या यादीत किमतीच्या शेजारी संपादकाचे नाव द्या. पुस्तकात ते नसेल, तर ‘संपादकाचा उल्लेख नाही’ असे छापा.

आपली,
एक डीटीपीचालक वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती