पंप आणायच्या आधी शॉवर खाली घ्या

रेडिंग, इंग्लंड
रविवार

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा फोनवर बाबा म्हणाले, नवीन शॉवरला धार अशी नाहीच, नुसतं ठिबकतंय आणि प्लंबर पंप बसवा म्हणतोय. माझं बोलणं अर्धं झालं आणि फोन कट झाला. हा आकड्यांचा विषय आहे. बाबा, आकडे कागदावर समोर असले की तुम्हाला जास्त बरं पडतं, आणि प्लंबर आला की हाच कागद त्याच्यापुढे धरता येईल. म्हणून सविस्तर लिहिते. पंपाचे पैसे एवढ्यात देऊ नका.

इतकं ठामपणे सांगते, कारण हाच प्रकार आमच्याकडे या उन्हाळ्यात झाला. आमचं घर जुन्या विटांचं, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेलं. इथे थंडीत पाणी गोठतं म्हणून टाकी उघड्यावर ठेवत नाहीत, ती छपराखाली माळ्यावर असते. पाणीपुरवठा कंपनीचं पाणी त्या टाकीत पडतं. तिथून एक पाईप बाथरूमला जातो, दुसरा कपाटातल्या गरम पाण्याच्या तांब्याच्या टाकीला. मधे मोटर नाही, पंप नाही. पाणी येतं ते फक्त उंचीच्या जोरावर, आपल्या सांगलीच्या घरासारखंच. (बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: एकोणिसाव्या शतकात लंडनलाही चोवीस तास पाणी नव्हतं, ठरावीक वेळीच यायचं. १८७१ च्या कायद्यानंतर हळूहळू चित्र बदललं. घरात टाकी ठेवायची सवय त्या दिवसांपासूनची.)

जुना शॉवर काढून नवा बसवला. गरम-गार आपोआप जमवणारा मिक्सर, डोक्यावर मोठा गोल रेन शॉवर. पहिल्याच दिवशी केसांतला शाम्पू निघेना. पाणी त्या गोलाच्या मधल्या चार भोकांतून खाली गळायचं, कडेची भोकं कोरडीच. बसवणारा म्हणाला, कंपनीच्या पाण्यालाच जोर नाही. पण खाली स्वयंपाकघरात थेट कंपनीचा नळ आहे, तो धो धो येत होता. मग तो म्हणाला, गार पाणी थेट कंपनीच्या लाईनवरून घेऊ. त्याला मी साफ नकार दिला. एका बाजूने जोराचं गार आणि दुसऱ्या बाजूने माळ्यावरून येणारं संथ गरम, अशी जोडी मिक्सरमध्ये नीट जमत नाही. गार पाणी गरम पाण्याला मागे रेटतं. हा मुद्दा आईसाठी फार महत्त्वाचा आहे, पुढे येतेच त्यावर.

आता मूळ हिशोब. दाब 'बार'मध्ये मोजतात. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे साधारण १ बार. एक मीटर म्हणजे ०.१ बार, एक फूट म्हणजे ०.०३ बार. टाकी पाचशे लिटरची आहे की दोन हजार लिटरची, याने दाबात फरक पडत नाही. टाकीतलं पाणी आणि शॉवरचं तोंड यांच्यातलं उभं अंतर तेवढं मोजायचं. आमच्याकडे ते जेमतेम एक मीटर, म्हणजे ०.१ बार. आणि नव्या मिक्सरच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं: किमान दाब ०.५ बार. म्हणजे टाकी पाच मीटर वर हवी! तो माल थेट कंपनीच्या दाबावर चालणाऱ्या घरांसाठी होता, आमच्या घरासाठी नव्हताच.

हे डोळ्यांनी कसं दिसलं ते सांगते, कारण तुम्हालाही दोन मिनिटांत करून बघता येईल. मिक्सरला हँड शॉवरची लवचिक नळी होती. ती मी डोक्याच्या वर धरली, तर धारा वाकून खाली पडत होत्या. तीच हळूहळू खांद्याशी, कमरेशी आणली, तर धारा सरळ झाल्या आणि हाताला टोचायला लागल्या. नळ तोच, पाईप तोच, बदलली ती फक्त उंची. कमरेशी आणल्यावर एक मीटरची उंची दोन मीटर झाली होती. पाणी मात्र दुप्पट होत नाही हं. दाब दुप्पट झाला की पाणी साधारण १.४ पट होतं, कारण ते वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. म्हणून टाकी जराशी उचलून चमत्कार होत नाही.

आणि आता आपलं बाथरूम. स्लॅब साडेदहा फुटांवर, त्यावर टाकीचा कट्टा दोन फूट, म्हणजे टाकीचं बूड जमिनीपासून साडेबारा फूट. शॉवर लावलाय सात फुटांवर. राहिले साडेपाच फूट, म्हणजे ०.१६ ते ०.१७ बार. टाकी भरलेली असेल तेव्हा थोडं जास्त, पण सकाळी सगळ्यांच्या अंघोळी होऊन आईचा नंबर लागेपर्यंत ती उतरलेलीच असते. त्यातून पाईपाचं घर्षण आणि एल्बो, म्हणजे पाईपाची वळणं, वजा करा. आठ इंची रेन शॉवरसाठी हे पुरत नाही, यात टाकीचाही दोष नाही आणि तुमचाही.

पण आपण शॉवर कशासाठी घेतला? आईला गुडघ्यांमुळे खाली बसून तांब्याने अंघोळ जमत नाही म्हणून. ती स्टुलावर बसणार. बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांच्या आसपास येतं. मग पाणी सात फुटांवरून का सोडायचं? चार फुटांवर भिंतीला हूक लावा आणि साधा, मोठ्या भोकांचा हँड शॉवर द्या. साडेपाच फुटांची उंची साडेआठ फूट झाली! टाकी तीन फूट उचलली असती तर जेवढं मिळालं असतं तेवढंच, आणि एक हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच एक टन, ते उचलण्याआधी खालच्या भिंती-बीम कुणीतरी बघायला हवेत. हूक लावायला ड्रिलची दोन भोकं पुरतात. नळी मीटरभराचीच घ्या, लांब आणि बारीक नळी पाणी खाते.

एवढं करूनही धार कमी वाटली तर पाणी कुठे अडतंय ते शोधायचं. आधी शॉवरचं तोंड फिरवून काढा आणि उघड्या नळीखाली दहा लिटरची बादली लावा. घड्याळ बघा. बादली मिनिटभरात भरली तर पाईप ठीक आहे, अडचण तोंडातच आहे. अंघोळीला मिनिटाला पाच-सहा लिटर भरपूर झालं. आमच्याकडे तोंड आणि नळी जोडतात तिथे रुपयापेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची चकती निघाली, आत काळी रबरी रिंग. जास्त दाबाच्या घरात पाणी वाया जाऊ नये म्हणून ती टाकतात. आपल्यासारख्या कमी दाबाच्या घरात ती आधीच थोडं असलेलं पाणीही अडवते. तुमच्या नव्या शॉवरमध्येही असेल, टोकदार पिनेने काढून ठेवा, टाकू नका.

बादली तोंड काढूनही हळू भरली तर अडचण मागे आहे. आधी अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाईप निघतो तिथले छोटे नळ, पूर्ण उघडले आहेत का बघा, बसवताना अर्धवट ठेवलेले राहतात. गच्चीवरचा टाकीचा वॉल्वही बघा. मग मिक्सरची जाळी. आमच्या जाळीत टेफ्लॉन टेपचे पांढरे तुकडे आणि पाईप कापताना पडलेला तांब्याचा कीस अडकला होता. तुमच्याकडे सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकच्या पाईपाचा) भुगा, सिमेंट, वाळू निघेल. नवीन काम झालं की हा कचरा हमखास वाहून पुढे येतो, म्हणून शॉवर लावायच्या आधी लाईन मोकळी सोडून धुवायची असते. जाळी काढण्याआधी गिझरचं बटण बंद आणि वरचा वॉल्व बंद, हे विसरू नका. आणि पाणी थांबत-थांबत, फुरफुरत येत असेल तर पाईपात एअर धरलीय. मागे टाकी पूर्ण रिकामी झाली होती ना, त्यानंतर हे होतं. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाईपावर उभी एअरची नळी आहे का ते गच्चीवर जाऊन बघायला प्लंबरला सांगा.

पाईपाचं मात्र नीट विचारा, कारण तिथेच सगळ्यात जास्त पाणी मार खातं. अर्ध्या इंचाचा पाईप आणि पाऊण इंचाचा पाईप, दोन्हींतून सारखंच पाणी न्यायचं म्हटलं तर अर्ध्या इंचात घर्षण जवळपास सात पट होतं. आमच्याकडे कपाटातून बाथरूमपर्यंतचा पंधरा मिलिमीटरचा तुकडा काढून बावीसचा टाकला आणि ०.१ बारवर चालणारा मिक्सर लावला. आधी मिनिटाला तीन लिटरही येत नव्हतं, आता सात येतं. आपल्या भिंतीत टाकीपासून अर्धा इंचच घातला असेल तर टाईल्स फोडू नका. बाथरूम टाकीच्या खालीच आहे, बाहेरच्या भिंतीवरून एक इंची स्वतंत्र लाईन सरळ खाली आणता येते, शेवटचा हातभर भाग तेवढा अर्ध्या इंचाचा.

आता आईचा मुद्दा. गिझरला जाणारं पाणी आणि शॉवरचं गार पाणी, दोन्ही एकाच टाकीवरून हवं. सकाळी महापालिकेचं पाणी जोरात येतं म्हणून कुणी गार बाजू त्या लाईनला जोडून द्यायला तयार होईल. करू देऊ नका. ते पाणी मधेच गेलं की आईच्या अंगावर नुसतं गिझरचं कढत पाणी येईल, आणि स्टुलावरून तिला चटकन उठता येत नाही. हे मला पाण्याच्या धारेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

पंप वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पुढेमागे दादाने वर खोली काढली आणि टाकीच्या अगदी पोटाखाली बाथरूम आलं, तर तिथे लागेलही. पण जाळीत कचरा असताना पंप लावला तर तो कचऱ्यावरच जोर लावत बसेल. लाईट गेली की शॉवर पुन्हा ठिबकणार. शिवाय हे पंप पाणी वाहायला लागलं की आपोआप सुरू होतात. वाहणंच फार कमी असेल तर काही पंप सुरूच होत नाहीत. आणि महापालिकेच्या नळाला थेट मोटर तर कदापि नको, तो गुन्हा आहे हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. इथेही मिनिटाला बारा लिटरपेक्षा जास्त ओढणारा पंप कंपनीला न कळवता थेट लाईनला लावता येत नाही, कारण त्याने शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं.

आई, तू हा हँड शॉवर नको म्हणू नकोस. डोक्यावरून पाणी घ्यायचं की नाही ते तुझ्या हातात राहतं, केस भिजवायचे नसतील तर खांद्यापासून घे. स्टुलाच्या उजव्या हाताला धरायला स्टीलचा दांडाही याच वेळी लावून घ्या, ड्रिल काढलेलंच असेल. बोअरच्या पाण्याने भोकं क्षाराने बुजतात. इथलंही पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा शॉवरचं तोंड व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशने घास.

बाबा, शॉवरच्या खोक्याचा फोटो पाठवा, किमान दाब लिहिलाय ती बाजू दिसेल असा. बादली किती वेळात भरली तेही कळवा, तोंड लावून आणि तोंड काढून, दोन्ही. प्लंबर यायचा असेल तेव्हा व्हिडिओ कॉल लावा. तिकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे पहाटेचे चार, तरी मी उठेन, त्याच्याशी मीच बोलेन.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लांना गोड पापा.

तुमची लेक