गाझातल्या लस देणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. सप्टेंबर २०२४ मधल्या एका फोटोत तुम्ही दिसलात. डाव्या हाताने एका चिमुरडीचे गाल हलकेच दाबलेले, उजव्या हातात लसीची इवलीशी बाटली, मागे तंबूच तंबू. मीही हेच काम करते, म्हणून माझी नजर आधी तुमच्या शेजारच्या लसीच्या डब्याकडे गेली. यातला बर्फ हिने कुठून आणला असेल? तो प्रश्न कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही.

ज्यांनी कधी लस हाताळली नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल. पण डबा थंडच राहावा लागतो, २ ते ८ अंशांच्या मधे. बाटलीच्या लेबलवर एक बारीक चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो, आणि भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली सरळ टाकून द्यायची. फ्रिज, वीज, गाडी हाताशी असूनही आम्हाला त्या चौकोनाचा धसका असतो. तुमच्याकडे इंधनाचा थेंब थेंब मोजून आत येत होता, आणि ३६ रुग्णालयांपैकी निम्मीसुद्धा धड चालू नव्हती.

नाकेबंदी तर २००७ पासूनची. तरीही युद्धाआधी गाझातल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला पोलिओची लस मिळत होती, हे तुमच्यासारख्यांचंच काम. मग घरं गेली, पाण्याच्या लाइनी फुटल्या, सांडपाणी तंबूंमधून वाहू लागलं. जुलै २०२४ मध्ये त्या सांडपाण्यात विषाणू सापडल्याचं कळलं, आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचं नक्की झालं. गाझात पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. युद्ध सुरू झालं त्याच सुमारास जन्मलेलं ते लेकरू, त्याला एकही डोस मिळालेला नव्हता. त्याचा पाय लुळा पडला.

१ सप्टेंबरला तुम्ही कामाला लागलात. हल्ले थांबवायची वेळ ठरली होती सकाळी ६ ते दुपारी ३. दहा वर्षांखालची सुमारे ६ लाख ४० हजार मुलं गाठायची होती. आम्ही घरांची यादी घेऊन निघतो, तुमच्या यादीतली घरंच उरली नव्हती. आज इथे असलेलं कुटुंब उद्या कुठे असेल, कोण सांगणार? आणि तुमच्यातल्या कितीतरी जणी स्वतःच तंबूत राहत होत्या. तरी पहिल्याच फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस गेला.

दुसऱ्या फेरीत उत्तर गाझातलं काम बॉम्बहल्ल्यांमुळे लांबलं. २ नोव्हेंबरला ते सुरू झालं आणि त्याच दिवशी गाझा शहरातल्या शेख रदवान भागातल्या आरोग्य केंद्रावर मारा झाला, हल्ले थांबवायचं ठरलेलं असताना. सहा जण जखमी झाले, त्यात चार मुलं. तिथल्या केंद्रांवर त्यानंतरही लसीकरण चालू राहिलं. त्या दिवशी पोराला कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आयांनाही माझा नमस्कार सांगा.

मला कुणीतरी म्हणालं, उद्या बॉम्बखाली जाणाऱ्या पोराला आज पोलिओपासून वाचवून काय उपयोग? मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग अजून माझाच मला येतो. पोलिओने लुळा पडलेला पाय परत येत नाही, ताई. त्या चिमुरडीला उद्या चालायचंय, पळायचंय, म्हातारी व्हायचंय, असं धरूनच तुम्ही तिच्या तोंडात दोन थेंब टाकलेत. मार्च २०२५ मध्ये अन्न, औषधं, इंधन सगळ्याचीच वाट बंद झाली आणि ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर झाला. त्या बातम्यांमधले काडीसारखे हात बघताना मी प्रत्येक वेळी तिचा चेहरा शोधला. तिला जेवण मिळायला हवं होतं, आणि ते अडवलं गेलं. ते तुमच्या हातात नव्हतं. जे तुमच्या हातात होतं ते तुम्ही पुरेपूर केलंत, त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

फोटोत अजून एक गोष्ट दिसते. मुलीने करंगळी पुढे धरलीय, डोस झाल्याची शाई लावून घ्यायला, आणि ती बोटाकडे बघतेय, तुमच्याकडे नाही. आमच्याकडची मुलंही अगदी तशीच बघतात.

तुमची स्वतःची मुलं असतील ना, ताई? त्यांच्या बोटाला शाई लागली का?

तुमचीच,
एक परिचारिका