नागपूरच्या बर्डीवरच्या मोबाईल रिपेअरवाल्या भाऊंना थँक्यू

भाऊ, सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या मदतीनं बनवलेला आजीचा बेलचा पट्टा एकदम मस्त चालून राहिला आहे. दारावरची बेल दाबली की तिच्या दंडावर पट्टा थरथरतो आणि ती लगेच "कोण आलं गं" म्हणत उठते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे दुपारी एकटी असली की कुरिअरवाला, शेजारच्या काकू, सगळे बेल वाजवून वाजवून परत जायचे आणि तिला त्याचं फार लागायचं, बोलायची नाही पण लागायचं.

बंद पडलेला फोन, जुनं स्मार्टवॉच, वायरलेस बेल असं घरातलं सगळं पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले आणि तुम्ही एवढ्या गिऱ्हाइकीत मला स्टूल दिलं. बेलचा रिसीव्हर तीन पेन्सिल सेलवर चालतो म्हणजे घड्याळाच्या बॅटरीवरही चालेल, बेल वाजली की जो एलईडी लागतो तिथूनच सिग्नल घे, पण तेवढ्यावर फोनची व्हायब्रेटर मोटर फिरणार नाही म्हणून मधे स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर टाक अन् मोटर बंद होताना बसणारा विजेचा झटका अडवायला तिला उलटा डायोड लाव, हे सगळं तुम्ही एका बिलाच्या मागे काढून दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

पण खरं थँक्यू चार्जिंगच्या बोर्डासाठी. टीपी 4056 या चार्जिंग चिपचा तो छोटा बोर्ड बहुतेक लोक आहे तसाच लावून मोकळे होतात. तुम्ही मला भिंगाखाली 122 लिहिलेला कणाएवढा रेझिस्टर दाखवला, म्हणाले हा 1.2 किलोओहमचा आहे, यावर बोर्ड 1 अँपिअर देणार आणि तुझी बॅटरी आहे 200 एमएएचची, म्हणजे अगदी लहान, गरम होईल, फुगेल, आणि बेटा हे म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जाणार आहे. मग तो काढून 103 वाला, म्हणजे 10 किलोओहमचा बसवला, करंट आला 130 मिलीअँपिअरवर. वर दोनदा बजावलं की चार्जिंग नेहमी पट्टा काढूनच करायचं. कोणाची कोण ती आजी, पण तुम्ही घरच्यासारखा विचार केला भाऊ.

पट्टा सुती लुगड्याचा शिवायची आयडियाही तुमचीच, नागपूरच्या उन्हाळ्यात रबर कोण घालेल बाप्पा! वायर मल्टीस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांच्या जुडग्याची, घेतली, पट्टा जिथं वाकतो तिथं सोल्डर ठेवलं नाही आणि जोडांवर ग्लूगनचा थेंब सोडला, त्यामुळे आजी तो घालून भाकऱ्या थापते तरी काही तुटलं नाही.

आता गल्लीतल्या एका आजोबांना पण असाच पाहिजे. भंगारातल्या फोनमधून व्हायब्रेटर मोटर निघाली की माझ्यासाठी बाजूला ठेवा, आणि या वेळी पैसे घ्यायचेच, नाही म्हणायचं नाही.