कंबरेमागून मन

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा नळाच्या पाण्यावरच बोलत बसलो. म्हणून लिहितोय. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला वाचून दाखवा. मधलं गाळू नका, तिला कळतं.

व्हीएकडे, इथल्या अमेरिकन सरकारच्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, मी डिप्रेशनचा दावा केला होता. तो मंजूर झाला. आता मागे घेणार नाही.

आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. मला वेडबीड लागलेलं नाही. कंबरेचं 40 टक्के अपंगत्व त्यांनी आधीच मान्य केलं होतं. त्या दुखण्यापायी झोप गेली, मग धावणं सुटलं, मग कुणाशी बोलावंसंच वाटेना. सैन्यातल्या दुखापतीतून पुढे दुसरा आजार उद्भवला तर तोही सेवेतलाच धरतात; 'सेकंडरी' म्हणतात त्याला. दोन्हींचा संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे, असं डॉक्टरांचं मत लागतं. कंबरेच्या वेळी वाकायला लावून कोन मोजला होता. या वेळी एक बाई तासभर नुसतं विचारत होत्या. शेवटचं मनापासून कधी हसलात? मला बाबांचं विसर्जनातलं धोतर आठवलं आणि तिथेच फिसकन हसू आलं. म्हटलं, झालं, नापास!

मनाचे 30 मिळाले. बाबा, 40 आणि 30 मिळून 70 नाही हं. उरलेल्या 60 चे 30 टक्के धरतात, म्हणजे 18. एकूण 58, त्याचे 60 करतात. तुमच्या बँकेत असला हिशेब चालला नसता. पैशांसाठी केलं नाही. म्हणजे, पैसेही हवेतच, आणि आता औषधांना खिशातून काही पडत नाही. पण अप्पांसारखं ओसरीवर गप्प बसून राहायचं नव्हतं मला. बाबा, वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं.

रात्री वरणभात खातो, वर तूपही घेतो. गोळी चुकवत नाही, बुधवारी समुपदेशनाला जातो. आई, तुझी निळी शेकायची पिशवी अजून चालते. तुझ्यासारखं तेल मात्र कुणाला लावता येत नाही.

आता ऐका. माळ्यावर चढायचं नाही, डबे मी आल्यावर काढू. बाबांची शुगर सोमवारी तपासून फोटो पाठवायचा, तोंडी आकडा चालणार नाही. काकूने विचारलं तर 'कंबर' म्हणा.

किंवा जाऊ दे, खरं काय ते सांगा.

तुमचा,
बाळू