जाउन्स म्हणजे उडी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांचा एक कोपरा येतो. नववीतली माझी नात तो कापून वहीत चिकटवते. गेल्या रविवारी त्यात ‘जाउन्स’ (jounce) हे क्रियापद होते आणि अर्थ दिला होता ‘उडी मारणे’. तिने लगेच वाक्य केले, बेडकाने तळ्यात जाउन्स केले. वही बघून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

मी इंग्रजीचा मास्तर नव्हे. शिवाजी उद्यमनगरात ३२ वर्षे गाड्यांचे कमानपाटे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवले. हा शब्द मला भेटला तो एका गिऱ्हाइकाने आणलेल्या ड्रॉइंगवर. ‘जाउन्स बंपर’ असे लिहून बाण काढलेला, आणि बाणाच्या टोकाला आमचा रोजचा रबरी बफर! चाक उंचवट्यावर चढून वर येते, पाटा दबतो, तो जाउन्स. चाक परत खाली जाते, तो रिबाउंड. पाटा पार दबला तरी लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये तो रबर.

वर्कशॉपात हा शब्द असा फक्त वरच्या दिशेचा. एरवीच्या इंग्रजीत मात्र त्यात दोन्ही येते, वर उसळणे आणि खाली आदळणे. तेही एकदाच नव्हे, खराब रस्ता सरेपर्यंत. बाउन्सशी त्याचे यमक जुळते, पण चेंडू उसळतो तो अंगच्या गुणाने. खड्ड्यातल्या जीपमध्ये मागे बसलेल्याची हौस कोण विचारतो? उडी तर आपण मनाने मारतो. बेडूकसुद्धा.

नातीला हे तोंडी पटेना, म्हणून तिला रस्त्याकडेला उभी करून उसाच्या ट्रॉल्या दाखवल्या. गळीत हंगामात आपल्याकडे त्यांना तोटा नाही. कारखान्याकडे निघालेली भरली ट्रॉली जड अंगाने झुलत जाते. ऊस खाली करून परत येणारी रिकामी ट्रॉली बघा. पाटे टनांच्या हिशेबाने केलेले, रिकाम्या वजनाला ते वाकतच नाहीत. मग बारक्या खड्ड्यालाही अख्खा साटा उडतो, फळ्या खडखडतात, साखळी वाजते. “ही जाउन्स करतेय,” म्हटले. पोरगी म्हणाली, “आजोबा, ही तर आदळत चाललीय.”

तिचेच बरोबर. पण नुसते ‘आदळणे’ म्हटले की उसळी राहून जाते. आपल्याकडे शब्द कमी नाहीत. ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला की बसतो तो गचका, दोरी ओढली की हिसका, आणि किटलीतले दूध डचमळते. प्रत्येकाची जागा वेगळी. जाउन्सला मी ‘उसळत-आदळत जाणे’ म्हणेन. कुणाला याहून नेटका शब्द सुचला तर आनंदच आहे. आणखी एक, हे क्रियापद सकर्मकही चालते. रस्ता प्रवाशांना जाउन्स करतो, आणि आजी नातवाला गुडघ्यावर नाचवते तेही इंग्रजीत जाउन्सच. तिथे पोर खिदळते, म्हणजे दरवेळी कंबर मोडलीच पाहिजे असे नाही.

गणितवाल्यांनीही हा शब्द उचललाय. त्वरण ज्या दराने बदलते तो जर्क, आणि जर्क ज्या दराने बदलतो तो जाउन्स. ते आमच्या बफरच्या पलीकडचे, तिथे मी शिरत नाही.

येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. बेडकाचे वाक्य अजून वहीत तसेच आहे. आजोबा सांगतात म्हणून खोडणार नाही, पेपरात आले तर खोडीन, असे ती म्हणते.

आपला,
एक निवृत्त पाटेमिस्त्री,
मंगळवार पेठ, कोल्हापूर