दोन टेकड्यांची धून

डब्लिन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हार्पच्या वर्गात सध्या ‘शी बेग, शी मोर’ चालू आहे. बिलावलचे स्वर, तीन-तीन मात्रांची चाल. धून सोपी आहे, पण तिची हकीकत तुम्हाला कळवायलाच हवी.

ती रचणारा आयरिश हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) अठराव्या वर्षी देवी येऊन आंधळा झाला. वडील मॅकडरमट रो घराण्याकडे कामाला. त्या घरच्या बाईंनी त्याला हार्प शिकवायची सोय केली आणि तीन वर्षांनी घोडा, वाटाड्या नि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. इतक्या उशिरा सुरुवात केल्यावर हात बेताचाच असणार! लेट्रिम काउंटीत जॉर्ज रेनल्ड्स नावाच्या जमीनदाराकडे उतरला, तेव्हा वादन ऐकून यजमानांनी सरळ सुचवलं, वाजवतोस तसं ठीक, पण काही रचून बघ. विषयही त्यांनीच दिला: जवळच्या दोन टेकड्या, एक लहान (शी बेग), एक मोठी (शी मोर), आणि तिथल्या पऱ्यांच्या दोन फौजांची लढाई. (इथल्या पऱ्या गोडगोजिऱ्या नव्हेत हं, त्यांच्या टेकडीला धक्का लावायला लोक कचरत.) ही त्याची पहिली रचना मानतात. चाल आधीच्या एका गाण्यावरून घेतली असावी, असंही जाणकार म्हणतात. घेतली असेना का! पुढे जन्मभर तो घरोघर फिरला, ज्यांच्याकडे मुक्काम त्यांच्या नावानं चाली बांधत गेला. दोनशेच्या वर आजही वाजतात. रेनल्ड्ससारखा तोंडावर बोलणारा श्रोता मिळणं हेही नशीबच.

मूळ रचनेला आयरिश शब्द होते, आता बहुतेक जण नुसती वाजवतात, तीही संथ. विषय लढाईचा, पण ऐकताना पाळणा वाटतो. मला ते जरा खटकतं. त्या काळच्या हार्पला पितळी तारा असत, नखांनी छेडायच्या. नाद खूप वेळ टिकायचा, म्हणून तार बोटानं दाबून थांबवणं हीसुद्धा एक कला होती. आमच्या बाईंची हार्प नायलॉनच्या तारांची आहे. पेटीतल्या पांढरी एकच्या स्वराच्या तारा लाल, पांढरी चारच्या काळ्या, म्हणजे नजर चुकत नाही. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला छोटी खटकी, ती वर केली की स्वर अर्ध्यानं चढतो. सूर बदलायचा तर आधी या खटक्या बघायच्या.

रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवलंय. पेटीवर पांढरी दोनमधून धरून बघा, आणि लय थोडी चढी ठेवा. आईला सांगा, थंडीचे कपडे पोचले.

तुमची,
मीरा